म्हातारी उठली की उठायचं

वेल्डरला परदेशातल्या त्या ख्रिस्ती देवळातलं अवाक्षर कळत नसे, तरी रविवारची उपासना त्याने कधी चुकवली नाही. कारखान्यात हातवाऱ्यांवर निभावत होतं. इथे हातवारे करणार कोणाला? मग त्याने नामी युक्ती काढली. पुढच्या बाकावर एक ठेंगणी म्हातारी नवऱ्याशेजारी बसायची. ती उठली की हा उठायचा, तिने मान खाली घातली की याचीही खाली. आमेन तेवढं ओळखीचं. ते मात्र असं ठणकावून म्हणायचा की शेजारी बसणारा कारखान्यातला स्टोअरकीपर त्याला कोपराने ढोसायचा. स्टोअरकीपर त्याच्याच भाषेचा, इथे जुना मुरलेला. पण उपासना चालू असताना बोललेलं त्याला खपत नसे.

गेल्या महिन्यात घरी वेल्डरची आई वारली. हा गेला नाही. आता रजा मागितली तर आपल्या जागी दुसरा येईल, या धास्तीने त्याने ती मागितलीच नाही. माती धाकट्या भावाने दिली.

बायकोने फोनवर विचारलं, "रडलात तरी का?"

"वेळ कुठे मिळाला," तो म्हणाला.

इथे त्याने कुणालाच सांगितलं नाही. सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला: मग गेला का नाहीस? उत्तर त्याच्याकडे होतं, आणि त्याची त्याला लाज वाटत होती.

एका रविवारी म्हातारी एकटीच आली. पाळकांनी काहीतरी विचारलं, ती उठली. सवयीने हाही उठला. बाकी सगळे बसलेलेच. लोक आज सुस्तावलेत, असं त्याला वाटलं, तोच स्टोअरकीपरने त्याचा सदरा ओढला.

"अरे, बस खाली! ज्यांच्या घरचं माणूस गेलंय त्यांनीच उभं राहायचं असतं. तिचा म्हातारा गेला."

वेल्डरचे गुडघे वाकले. बसला असता तर लोक गालातल्या गालात हसले असते आणि विषय मिटला असता. पण आता बसणं म्हणजे आई गेलीच नाही असं भर देवळात सांगणं. ते काही त्याच्याने होईना. तो पुन्हा ताठ झाला.

"माझी आई गेली," तो म्हणाला.

सदरा सुटला. "कधी? आणि तू इथे?"

"हो. मी इथेच होतो."

पाळक खाली आले. म्हातारीच्या डोक्यावर हात ठेवून त्यांनी तिच्या नवऱ्याचं नाव घेतलं, लोकांनी ते मोठ्याने म्हटलं. मग ते वेल्डरपाशी येऊन थांबले.

"आईचं नाव विचारतायत," स्टोअरकीपर हळूच म्हणाला.

त्याने सांगितलं. पाळकांच्या जिभेवर ते नीट बसेना, तरी त्यांनी ते म्हटलं, आणि मागोमाग सगळं देऊळ ते तसंच वेडंवाकडं म्हणालं. घरीदारी ती जन्मभर कुणाची तरी सून, कुणाची तरी आई. तिला नावाने हाक मारलेली वेल्डरने कधी ऐकली नव्हती. इतक्या माणसांनी ते एकदम घेतलं तेव्हा तो पुढच्या बाकाची कड धरून ढसाढसा रडला.