फाटकावरची बंडी

परतवाड्यात सागाच्या भुशाचा वास आला की बाबांनी कोरलेली बंडी, चिमुकली बैलगाडी, आठवते. ते रेल्वे फाटकावर नोकरीला होते, त्या काळच्या अचलपूरच्या छोट्या रेल्वेगाडीचं मॉडेल मी टेबलावर मांडत होतो. फाटकाशी उभी करायला तेव्हाची चिमुकली मोटार हवी म्हणून राजापेठेतली खेळण्यांची दुकानं पालथी घातली, मिळाली नाही. तर बाबांनी सागाची बैलबंडीच करून आणली. "मोटारी कुठी होत्या तवा? आमी तं बंड्याच अडवल्या." मी पट्टी लावली. "माप चुकलं बाबा, इंजिनापेक्षा मोठी झाली." "मले आता बारीक दिसत नाई," म्हणत त्यांनी ती उचलली, आणि त्या टेबलाशी पुन्हा कधी आले नाहीत. ते गेल्यावर त्यांच्या पेटीत ती हिरव्या झेंडीत गुंडाळलेली सापडली. आता फाटकात तीच उभी आहे. रुळांवर आडवी येते, म्हणून गाडी मी सोडतच नाही.