आग्नेय कोपऱ्यातला बंब

अमरावतीच्या राजापेठेतल्या आमच्या घरी वरच्या मजल्यावर क्लाससाठी आलेल्या मुली भाड्यानं राहत. त्यांच्या आंघोळीचं पाणी तापवायचं काम माझं. म्हणजे कोंबडं आरवायच्या आधी उठायचं, मोरीशेजारच्या खोलीत तांब्याचा बंब पेटवायचा आणि शेवटच्या मुलीची वेणी होईपर्यंत पाटावर बसून त्यात पऱ्हाटी सारत राहायचं. ही पऱ्हाटी, कपाशीची वाळलेली झाडं, चांदूर बाजारच्या आमच्याच शेतातून गाडी भरून येई. सरपण कधीतरी संपेल, ही आशासुद्धा देवानं ठेवली नव्हती. धुरानं डोळे असे लाल व्हायचे, की भाजीवाली विचारायची, "रातभर रडल्या का वं बाई?"

माहेरी जायचं म्हटलं की प्रश्न एकच, बंब कोण पेटवील? तेरवीला जायचं, तरी तोच प्रश्न. मला वाटायचं, मीच मेले तर माझ्या तेरवीच्या पाण्यालासुद्धा मलाच उठवतील.

शेवटी वर्षभर भुणभुण करून यांच्याकडून गॅसवर चालणारा मोठा बंब मिळवला. वसतिगृहांत असतो तसा, पांढरा, भिंतीला पाठ लावून उभा राहणारा. आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, तो बघताक्षणी आवडला नाही. त्यांनी अट घातली. "शकुनानं पेटला तर ठेवजो. जराकसा अपशकुन झाला, तर आपला तांब्याचा काय वाईट हाये?"

शिवाय अग्नी आग्नेयेलाच हवा. आमच्या त्या खोलीचा आग्नेय कोपरा नेमका दाराच्या मागं. अकोल्याहून आलेल्या फिटरनं बंब तिथं उभा केला आणि दार ढकलून दाखवलं.

"आजी, दार अर्धंच उघडून राहिलं."

"अर्ध्या दारानं मानूस जाते, बापू. चुकीच्या कोपऱ्यानं लक्ष्मी जाते."

फिटरनं कपाळाला हात लावला आणि कामाला लागला. सिलिंडर बाहेर अंगणात ठेवले, तिथून भिंतीवरून पाइप आत आणला. अंगणातच पाइपवर एक पितळी कॉक बसवला. दुपारी त्याचं काहीतरी सामान कमी पडलं. दुकानाकडे निघताना म्हणाला, "काकू, कॉकपर्यंत गॅस हाये. बंबाजवळचा नट म्या फक्त हातानं फिरवला हाये, पान्यानं आवळाचा हाये अजून. मी येईस्तोर कशालेच हात लावू नका."

मी मान डोलावली. पण आत्याबाईंनी काढलेला पूजेचा मुहूर्त टळत होता, आणि माझ्या मते पूजा करणं म्हणजे काही हात लावणं नव्हे. केवढी हुशार बाई होते मी!

आधी सिलिंडरांना हळदकुंकू वाहिलं. मग कॉक. त्याची दांडी पाइपवर आडवी, वाकड्या मानेच्या पोरासारखी. शुभकार्यात असं वाकडं बरं दिसतं का? मी ती नीट सरळ केली, पाइपला लागून, आणि दोघांना मिळून लाल नाड्याचे चांगले घट्ट वेढे दिले. वर गाठ. गाठीवर फूल. लांबून बघितलं, तर इतकं देखणं दिसलं की फोटो काढावासा वाटला.

मग आरतीचं ताट घेऊन, पोट आत ओढून, मी त्या अर्ध्या दारातून आत शिरले. आत्याबाई मागून आल्या. त्यांचं अंग भारी. अर्ध्या शिरल्या आणि तिथंच बसल्या, म्हणजे उभ्याच, पण बसल्या. पुढं येईनात, मागं जाईनात. पदर कडीत अडकलेला.

"राहू दे वं, मी इथूनच पाह्यतो. कर तू सुरू."

मी निरांजन ओवाळायला उचललं आणि वास आला.

"कांदे सडले काय वं?" आत्याबाई म्हणाल्या.

कांदे नव्हते. बंबाच्या पायाशी बारीक सूंऽऽ आवाज येत होता. माझ्या हातात पेटलेलं निरांजन. खिडकी नाही. दारात आत्याबाई.

"आत्याबाई, गॅस! मी दिवा विझवते."

"खबरदार! आरती झाल्याबिगर दिवा विझवतात काय? मोठा अपशकुन होते!"

आता ऐका माझ्या अकलेची गोष्ट. पायाशी गॅस साचतोय, आणि ही बाई निरांजन डोक्याच्या वर धरून विचार करते आहे, की दिवा विझला तर बंब गेला. पुन्हा पाट, पुन्हा पऱ्हाटी. भडका उडाला तर निदान पहाटे उठायला नको, असंही क्षणभर मनात आलं. खोटं कशाला सांगू?

तेवढ्यात अंगणातून फिटरची आरोळी आली. "हे कोनं बांधलं? कॉक फिरेनाच!" त्यानं वास ओळखला होता. गॅस बंद करायला दांडी पुन्हा आडवी करू बघत होता आणि माझी गाठ त्याला दाद देत नव्हती. "ब्लेड आणा कोनी! काकू, लाइटच्या बटनाले हात लावू नका!"

मी बोटं थुंकीनं ओली केली आणि ज्योत चिमटली. चर्रकन झालं. आत्याबाईंनी डोळे मिटून घेतले.

बाहेर नाडा कापला गेला, आवाज थांबला. मग फिटरनं बाहेरून ओढलं, मी आतून रेटलं, आणि पदराचा तुकडा कडीला ठेवून आत्याबाई अंगणात आल्या. त्यांच्यामागून मी. संध्याकाळपर्यंत कुणाला त्या खोलीत पाऊल टाकू दिलं नाही. नंतर फिटरनं नट पान्यानं आवळला, साबणाचा फेस लावला. एक बुडबुडा फुगला. पुन्हा आवळला, पुन्हा फेस लावला. फेस गप्प बसला.

"दार बाहेर उघडनारं करा आन् खाली-वर हवेले जागा ठेवा," तो म्हणाला. "मग मी येऊन पेटवून देतो."

"पेटवाचा नाही," आत्याबाई म्हणाल्या. "दिवा विझला. आता गुढीपाडव्याले पाहू."

तोवर घरी आलेल्या यांनी माझ्याकडे बघितलं नाही. आईपुढं ते कधी कुणाकडेच बघत नसत.

दार बदललं, भिंतीला झरोके पडले, आणि मी अख्खा हिवाळा पांढऱ्या बंबाशेजारी बसून तांब्याच्या बंबात पऱ्हाटी सारली. धुरानं तो पांढरा काळवंडू नये म्हणून रोज पुसायचं काम वाढलं, ते वेगळंच.

पाडव्याला फिटर आला. फेस लावून पाहिला, बंब पेटवला. एव्हाना अमरावतीत टाकीचंच पाणी चटके देत होतं. मुली थंड पाण्यासाठी भांडत होत्या. गरम पाणी कुणालाच नको होतं.

मी टॉवेल घेतला, मोरीत शिरले आणि आतून कडी लावली.

"काय वं," बाहेरून आत्याबाई ओरडल्या, "एवढ्या उन्हात कढत पान्यानं आंघोळ कावून करून राहिली?"

मी दुसरी बादली लावली.