शिंकांचा हंगाम आणि माझा सायबर कॅफे

"हा दमा आहे, ताई," डॉक्टर म्हणाले आणि मी चक्क हसले. दमा म्हणजे खाटेवर बसून खोकणाऱ्या म्हाताऱ्यांचा आजार, असं माझं ठाम मत होतं. मी धडधाकट बाई, दिवसातून दहादा जिना चढणारी. मला कसला दमा?

त्यांनी नुकतीच माझ्याकडून एक नळी फुंकून घेतली होती. पीक फ्लो मीटर म्हणतात तिला. जोरात फुंकलं की काटा सरकतो आणि छातीतून हवा किती जोरात बाहेर पडते ते कळतं. माझा काटा जेमतेम हलला. आजाराचं पूर्ण नाव अ‍ॅलर्जिक अस्थमा. हवेतलं काहीतरी शरीराला सोसत नाही, त्यानं श्वासनळ्या सुजतात आणि आवळतात. महिनाभराच्या शिंका, नाकाचा नळ, छातीतली शिट्टी, सगळं त्यामुळंच होतं.

"काम कुठं करता?"

"नारायणगावात माझा सायबर कॅफे आहे."

"बंद खोली, एसी, गालिचा. धूळ असणारच. काही दिवस तिथून लांब राहून बघा."

डॉक्टरांचं हे वाक्य आमच्या घरात जे गाजलं, की विचारू नका! सासूबाईंना मी आत्या म्हणते. त्यांना तो कॅफे पहिल्यापासून खुपत होता. "मी सांगत व्हते का न्हाई? त्या एशीचं वारं अंगात शिरलंय हिच्या. इका ती मशिनं!" त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, म्हणून मला उलट बोलवेना. पण मनातून मी पार हादरले. बाजारपेठेत टोमॅटोच्या क्रेटांच्या गर्दीत, एका अरुंद जिन्यावर, बाईनं चालवलेलं ते पहिलंच दुकान. सहा कॉम्प्युटर, आणि पाटीवर माझं नाव. घरादाराशी भांडून उभं केलेलं. दम गेला तर गोळ्या मिळतात, दुकान गेलं तर काय घेणार होते मी?

डॉक्टरांनी इनहेलर दिला, म्हणजे तोंडात औषधाचा फवारा मारायचा पंप. "पंपाची सवय लागती," असं चार बायकांनी सांगितलं आणि मी शहाणी, तो कपाटात ठेवला. तुम्ही असलं काही करू नका. विश्रांतीला माहेरी गेले, डिंगोऱ्याला. तिथं ना एसी, ना गालिचा. उघडं रान, स्वच्छ हवा.

तिसऱ्या दिवशी भावाबरोबर बांधावरून फिरून आले आणि श्वासच मिळेना. दोन शब्द एका दमात बोलता येईनात. भावानं जीप काढली. दवाखान्यात नेब्युलायझर लावला. औषधाची वाफ करून मास्कमधून छातीत सोडणारं यंत्र ते. मास्कच्या आत मी रडत होते आणि नर्स म्हणत होती, "रडू नका वहिनी, रडण्यात श्वास वाया जातोय."

तिथं पडल्या पडल्या एकच प्रश्न डोक्यात फिरत राहिला. दोष कॅफेचा, तर मग डिंगोऱ्यात काय झालं?

आत्यांना तो प्रश्न पटला नाही. "आत बसलेलं वारं ते, लगीच निघतंय व्हय?" मंचरचा एक गृहस्थ मशिनं बघायला येणार, असं ठरूनही गेलं. त्याच्या आदल्या दिवशी मी कॅफेत गेले, कॉम्प्युटर साफ करायला. माझा नियम होता, दर शनिवारी प्रत्येक मशिनची हिस्टरी पुसायची. गिऱ्हाईक काय शोधतं, ते त्याचं त्याच्यापाशी. आजारपणात ते पुसणं राहून गेलं होतं.

पुसण्याआधी म्हटलं, आपल्या आजाराचं काहीतरी वाचावं. सर्चच्या चौकोनात 'एस' टाइप केला आणि खाली आधी कुणीकुणी टाइप केलेल्या शब्दांची रांग उघडली. इंग्रजी अक्षरांत चक्क मराठी! शिंका बंद उपाय. शिंका सकाळी. श्वास लागणे. दुसऱ्या मशिनवर 'एन', 'डी' टाइप केलं, तर नाकातून पाणी, डोळे खाज. सहाच्या सहा मशिनवर तेच. अगं बाई! नारायणगावात मी एकटी शिंकत नव्हते. पंचक्रोशीतली माणसं माझ्याच खुर्च्यांवर बसून, लाजत लाजत, माझाच आजार शोधून गेली होती. तासभर बसून जाणाऱ्यांना माझ्या कॅफेची धूळ कशी बाधेल, हे बाहेरच्या हवेतलंच काहीतरी असणार!

मी घरी गेले आणि ह्यांना, म्हणजे नवऱ्याला, सांगितलं, "मशिनं विकायची नाहीत. हे दुखणं कधी येतं, कधी जातं ते बघायला मला एक वर्ष द्या."

हे टोमॅटो मार्केटातले, हिशेबाचे पक्के. त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं. मग आत्यांना म्हणाले, "एक वरीस दे तिला. तोवर पंप मात्र घ्यायचा." पंप मी त्याच रात्री कपाटातून काढला.

मग दर शनिवारी पुसण्याआधी मी फक्त हे शब्द बघायचे. शिंका, श्वास, दमा, नाक. कुणी शोधलं ते नाही, किती मशिनवर ते. भिंतीवरच्या कॅलेंडरवर तेवढ्या लाल टिकल्या चिकटवायच्या. ह्यांनी चेष्टा केली, "कपाळाला लाव की दोन, सगळ्या भिंतीलाच?"

थंडीत टिकल्या कमी झाल्या. उन्हाळ्यात कॅलेंडर कोरं. पाऊस सुरू झाला तरी कोरं. श्रावणात एक-दोन आल्या. गणपती बसले आणि रांगच लागली. त्याच आठवड्यात माझ्या नाकाचा नळ सुटला. आयुष्यात पहिल्यांदा मला शिंकून आनंद झाला.

कॅलेंडरची गुंडाळी घेऊन डॉक्टरांकडं गेले. त्यांनी पानं टेबलावर पसरली आणि बराच वेळ बघितली. "त्या दिवसांत तुमच्याकडं गिऱ्हाईकच जास्त येत असेल तर?"

"नाही डॉक्टर. गर्दी जूनमध्ये. निकाल आणि अ‍ॅडमिशन. तेव्हा जिन्यात उभं राहायला जागा नसते, पण टिकली एक नाही."

ते हसले. "म्हणजे धुळीवर माझा संशय चुकला. पावसानंतर फुलणारं काहीतरी आहे हे. पण एवढ्यावर शिक्का मारणार नाही मी. पुरावा तुमचा हात देईल."

त्यांनी पुण्याला स्किन प्रिक टेस्टला पाठवलं. हातावर वेगवेगळ्या गोष्टींच्या अर्काचे थेंब ठेवतात, प्रत्येक थेंबातून सुईनं हलकं टोचतात आणि वाट बघतात. धुळीच्या थेंबाला किरकोळ लाली. एका थेंबाला मात्र गांधीलमाशी चावल्यासारखी गांध उठली. गाजर गवत! बांधावर, रस्त्याकडेला, आमच्या परसात पांढऱ्या फुलांनी डोलणारं. त्याच्या परागांनी, म्हणजे फुलातल्या बारीक पिठानं, मला डिंगोऱ्याच्या बांधावर गाठलं होतं.

पुढच्या वर्षी डॉक्टरांनी फुलोऱ्याच्या आधीच रोजचा पंप सुरू केला. सूज येऊच न देणारा. ह्यांनी माणसं लावून, तोंडाला फडकी बांधून, परसातलं गवत फुलण्याआधी उपटलं. गणपती झाले, नवरात्र झालं, मी रोज जिना चढले. आजार गेला नाही, तो माझ्याबरोबर राहणार आहे. पण आता त्याची यायची वेळ मला कळते.

टिकल्या मी अजून लावते. पहिली लागली की जिन्याखाली पाटी लिहिते, 'शिंकांचा हंगाम सुरू. अंगावर काढू नका, डॉक्टरांना दाखवा.' डॉक्टरही फोन करून विचारतात, यंदा कशी सुरुवात. तुमच्या घरात कुणाला दर वर्षी ठराविक दिवसांतच असं होत असेल, तर दिवस लक्षात ठेवा आणि डॉक्टरांना सांगा. त्या डॉक्टरांचे, नर्सबाईंचे आणि न दिसलेल्या त्या शिंकणाऱ्या माणसांचे माझ्यावर उपकार आहेत. आणि अभिमानाचं म्हणाल, तर लई आहे. लपवू कशाला?

मागच्या श्रावणात घरी फोन आला, घोडेगावच्या कुणा बाईंचा. आत्यांनी घेतला. मी पायऱ्यांवर चपला घालत होते, ऐकू आलं.

"व्हय व्हय, आमच्या कंप्युटरवर परवाच सुरू झाल्यात शिंका. पोराला गवतात सोडू नका, डाक्टरला इचारून पंप चालू करा. बाकीचं सूनबाईला इचारा. आता निघालीच हाय ती दुकानाला." मग जरा आवाज चढवून म्हणाल्या, "न्हाई न्हाई, बंद कशाला करील? दुकान रोज उघडं असतंय तिचं!"