एक आणि पंधरा

तैवानमधल्या तैनान शहराच्या बाजारात तीस वर्षं मासळीची पेज विकून सिऊहंगबाईंनी गाडी बंद केली, पण समोरचा वाडगा रिकामा दिसला की त्यांचा हात अजून पळीकडे जायचा. त्या हाताला कंटाळूनच त्यांची लेक पेइरू दुसऱ्या गावी राहायला गेली होती. सहा वर्षांत तिने आईकडे काही म्हणून मागितलं नव्हतं. आता दीड महिना जपानला जायचं निघालं, तेव्हा आपला पाळलेला साप, आलाँग, तिने काचपेटीसकट आईकडे आणून ठेवला. सोबत बर्फात गोठवलेले उंदीर, आणि पेटीवर चिठ्ठी: ‘एकला आणि पंधराला एकेक. कोमट पाण्यात सैल करून. बाकी काही नको.’

लेकीने विश्वास टाकला म्हणून बाई हरखून गेल्या. चिठ्ठी दहादा वाचली आणि तिथेच घोळ झाला. त्यांच्या घरी एक आणि पंधरा म्हणजे चांद्र महिन्याच्या तिथ्या. त्या दोन दिवशी देवाला धूप आणि घरात कडकडीत शाकाहार, अंडंसुद्धा फुटत नसे. मग नेमका त्याच दिवशी उंदीर? लेक आपली थट्टा तर करत नाही ना?

“टोफू चालेल का रे?” त्यांनी आलाँगलाच विचारलं. त्याने नुसती जीभ बाहेर काढली. हे हो समजायचं की नाही, देव जाणे.

शेवटी त्यांनी चौदाव्या तिथीला उंदीर दिला. पण आदल्या दिवशीचं धरत नसतील तर? बिचारा पंधराव्याला उपाशीच राहिला, असं मनाने घेतलं आणि सोळाव्याला आणखी एक दिला. सतराव्याच्या सकाळी पेटीभर ओकारी आणि साप मलूल. पेटी स्कूटरवर बांधून बाईंनी प्राण्यांचा दवाखाना गाठला.

“किती दिलंत, मावशी?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

“थोडंच हो. दोन.”

“दोन आठवड्यांत?”

“एका दिवसाआड.”

डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. “आता पंधरा दिवस काही म्हणजे काही द्यायचं नाही. नाहीतर जाईल तो.”

“पंधरा दिवस उपाशी? आणि मग जगेल?”

“तरच जगेल.”

हे गणित बाईंना काही केल्या उमगेना. रोज जेवायच्या वेळी त्या पेटीसमोर हात मांडीखाली दाबून बसत, “भूक लागली का रे राजा?” विचारत आणि काही न देता उठत. इतका अवघड पंधरवडा त्यांनी गाडीवरसुद्धा काढला नव्हता. सोळाव्या दिवशी आलाँगने लहानसा उंदीर गिळला, तो पोटात राहिला, आणि बाई ढसाढसा रडल्या.

पेइरू परतली तेव्हा त्यांनी सगळं कबूल केलं.

“अगं आई, मी साधी तारीख लिहिली होती! ऑफिसातली!” ती हसायला लागली. आईचा चेहरा पाहिला आणि तिचं हसू थांबलं.

जेवताना बाईंनी तिला एकदाच पेज वाढली आणि हात मांडीखाली घेतला. पेइरूचा वाडगा रिकामा झाला. आई हलेना. पेइरू वाट बघत राहिली, मग तिनेच वाडगा पुढे केला.

“काय गं, मलाही पंधरा दिवस थांबायचं का?”