राण्यांच्या गाडीची मान

विजू राणे कामावरून आला की चपला काढायच्या आधी वडिलांना एकच प्रश्न विचारायचा. "बाबानू, ही गाडी कोणाची?" राणेकाका जिन्याखालच्या मोटारसायकलकडे नीट बघायचे आणि म्हणायचे, "माका काय म्हायत? माझी न्हय." मग विजू चपला काढायचा.

मुलांनो, ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आम्ही मुलुंडला तळमजल्यावर राहायचो आणि राणे आमच्या समोर. काकांची स्मृती पुसत चालली होती. मुलगा, सून, मी, कोणीच त्यांना ओळखू येईना. लक्षात राहिली होती ती फक्त त्यांची जुनी ब्रिटिश मोटारसायकल. ती कुठेतरी हरवली आहे असं वाटून ते शोधायला निघायचे. चेकनाक्यावरच्या ट्रकांमधून लोकांनी त्यांना परत आणलं होतं. बाहेरून कडी लावली, तर त्यांनी दारावर डोकं आपटून घेतलं.

गाडी तर दारातच होती. पण तरुणपणी विजूनेच तिची चासी, म्हणजे लोखंडी सांगाडा, कापला होता. हँडल बसतं ती मान मागे कलवून पुढचं चाक लांब काढलं, मागची बाजू छाटून सीट खाली नेली. जुहूला मिरवायला. काका त्यानंतर पुन्हा त्या गाडीवर बसले नाहीत.

आता भांडुपच्या एका कारखान्यात वेल्डर असलेल्या विजूने तीच चासी सरळ करायला घेतली. मला म्हणाला, "गाडी ओळखली तर बाबा घरात थांबतील, काकी. नाहीतर एक दिवस ट्रकखाली जातील."

त्याची बायको शैला तोंडाची फटकळ. "बाप घरात बसलाय त्याला बघ ना. लोखंडाला काय कुरवाळतोस?"

"तू गप गं. सुचत नाही मला दुसरं काही."

मूळ माप कुठेच नव्हतं. होती ती जिन्याखालची भिंत. काकांनी वर्षानुवर्षं गाडी एकाच जागी टेकवली होती. हँडलच्या टोकाने भिंतीला खोबण पडली होती आणि खाली शहाबादी फरशीवर दोन्ही चाकांचे डाग होते. दसऱ्याआधी शैलाने चुन्याची बादली आणली, तेव्हा विजू भिंतीसमोर हात पसरून उभा राहिला. "घराला काय लावायचं ते लाव. हिला हात लावू नकोस." खोबणीपासून डागापर्यंत दोरा ताणायचा, तेव्हा दुसरं टोक मी धरायची.

पहिल्यांदा मान जोडली, ती थंड होताना डावीकडे ओढली गेली. विजू नेहमी म्हणायचा, "लोखंड तापलं की ऐकतं, थंड झालं की आपलंच खरं करतं." काकांनी बघितलं आणि मान हलवली. "ही न्हय." त्याच दुपारी ते पुन्हा निघाले आणि पडून, कपाळ फोडून परत आले. विजूने जोड कापला. "आता एकदाच, काकी. परत कापायला चासीची नळीच उरणार नाही."

दसऱ्याच्या सकाळी गाडी भिंतीला टेकली. हँडल बरोबर खोबणीत बसलं. विजूने या वेळी प्रश्न विचारला नाही.

काका आले. त्यांनी टाकीवरून हात फिरवला, मानेपाशी बोट थांबवलं. मग कोणी न सांगता झेंडूची माळ उचलून हेडलाइटवर घातली आणि हळदकुंकू लावलं. शैला पदराने डोळे पुसत होती. विजू वाकून वडिलांच्या पाया पडायला गेला, तेव्हा काकांनी त्याचा दंड धरला आणि हळू आवाजात म्हणाले, "मिस्त्री, हिका झाकून ठेवा. माझ्या झिलाच्या नजरेक पडली तर कापून टाकतलो."

झील म्हणजे मुलगा. विजू सरळ उभा राहिला. मग घरात जाऊन चादर घेऊन आला.

काका त्यानंतर कधीच चेकनाक्याकडे गेले नाहीत. शेवटपर्यंत गाडीशेजारी स्टूल टाकून राखण करत बसले. विजू संध्याकाळी यायचा, तेव्हा त्यांचा चेहरा उजळायचा. "येवा मिस्त्री, चाय घेवा." आणि चहा पिताना ते रोज विचारायचे, "माझो झील खंय दिसलो?"

"नाय काकानू," विजू म्हणायचा. "तो आता येवचो नाय." मग चादरीचं टोक नीट खोचून चपला काढायचा.