आबांचं ताट आणि माशातले सरगुंडे

सांगलीत विश्रामबागेत राहायला येऊन आम्हाला वर्ष झालं होतं, तेव्हाची ही गंमत. सत्तरचं दशक, रविवारचा दिवस, आणि मी सकाळपासून नुसती उडत होते... कारण त्या संध्याकाळी मी घरच्यांना मॅकरोनी करून घालणार होते, तीही माशाची.

हौस होतीच, पण खरं कारण आमचे आबा, म्हणजे माझे सासरे. पोटात अल्सर निघाला आणि डॉक्टरांनी तिखट-तेल बंद केलं. मिलिटरीतून रिटायर झालेला हा उंचापुरा माणूस महिनाभर दोन घास खाऊन ताट सरकवत होता... सदरे अंगावर लोंबायला लागले होते. ते भरलेलं ताट उचलताना सासूबाईंचा चेहरा उतरायचा.

अशात एका मासिकात 'पचायला हलकी' म्हणून ही पाककृती सापडली. भावाला पत्र टाकून पुण्याहून मॅकरोनीचं पाकीट मागवलं. पाककृतीत दूधही होतं, ते मी गुपचूप वगळायचं ठरवलं... माशात दूध म्हटल्यावर सासूबाईंनी मला स्टोपाशी उभंच केलं नसतं.

दुपारी मासेवाल्या मावशींकडून मरळ घेऊन घरी येते तर स्वयंपाकघरात गुळाचा वास. सासूबाईंनी पाकीट फोडून सगळी मॅकरोनी दूध-गुळात शिजवली होती... "यंत्रातलं सरगुंडं दिसत्यात. म्हटलं तुज्या भावानं हौसंनं धाडल्यात, गोड करावं."

सरगुंडे म्हणजे कणीक काडीवर वळून वाळवलेल्या पोकळ नळ्या. आमच्याकडे त्या दूध-गुळातच खातात, मग त्यांचं तरी काय चुकलं? पण मला रडू फुटलं. आबांनी ते गोडही वाटीभर घेतलं नाही, तेव्हा तर सासूबाईंकडे बघवेना.

थोड्या वेळाने त्यांनी फळीवरचा डबा काढून माझ्यापुढे ठेवला. उन्हाळ्यात स्वतः वळलेले सरगुंडे होते ते... "ह्यात घाल तुजा मासा. काय हुतंय ते हुंदे."

घातला. सरगुंडे उकडून घेतले, चमचाभर तेलात लसूण, टोमॅटो, काटे काढलेली मरळ, वरून लिंबू आणि कोथिंबीर... असा काही वास सुटला की माझी कळी परत खुलली.

दिवेलागणीला पानं मांडली. आबांनी एक सरगुंडा उचलला, नळीतून आरपार बघितलं आणि तोंडात टाकला. मग दुसरा... आणि हात थांबला. मला वाटलं, संपलं.

"ह्ये म्या इटलीत खाल्लंय," आबा म्हणाले.

ते लामावर, म्हणजे महायुद्धात, इटलीला होते एवढंच आम्हाला माहीत. त्यापुढे कधी चकार शब्द काढला नव्हता... आणि आज मान खाली घालून बोलत होते. "एका गावात म्हातारी हुती. लोखंडाच्या काडीवर पीठ वळायची, आगदी हिच्यावानी. तिचा ल्योक बी लढाईवर गेल्याला. मला म्होरं बशिवून वाढायची... लय याद यायची तवा घरची."

"आन् आमाला आज सांगताय व्हय?" सासूबाई म्हणाल्या, पण त्यांचे डोळे भरले होते.

आबांनी ताट पुढे केलं. "वाढ गं सूनबाई आजून." माझा आणि सासूबाईंचा हात एकदमच पातेल्याकडे गेला. आनंदाने मला त्या रात्री जेवणच गेलं नाही.

त्या बाईचं नाव आबांना शेवटपर्यंत आठवलं नाही. पण परमुलखातल्या पोराला तिने पोटभर वाढलं, आणि इतक्या वर्षांनी ते आमच्या कामी आलं... आमच्याकडे हा पदार्थ अजून होतो. नातवंडं त्याला पास्ता म्हणत नाहीत, 'म्हातारीचे सरगुंडे' म्हणतात.