काऊनभाऊ आणि बॅटऱ्यांचा डबा

चांगला फोटो निघाला की माणूस तो दाखवायला धावतो. भाऊंकडे धावलं, की ते आधी फोटो बघायचेच नाहीत. कॅमेऱ्याचा पडदा तळव्यानं झाकून विचारायचे, "काऊन काढला?" बाकीचा महाराष्ट्र जिथं 'का' म्हणून भागवतो, तिथं आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे 'काऊन' लागतो, आणि तो भाऊंच्या तोंडून आला की उत्तर दिल्याशिवाय सुटका नसायची. भाऊंकडे फोटो काढायला शिकणाऱ्या आमच्यात औषधांचं दुकान चालवणारे गजूभाऊ सगळ्यांत हौशी. त्यांची लेन्स हातभर लांब. एकदा तलावाच्या पाळीवर त्यांनी खंड्या पक्ष्याचे फोटो मोठ्या ऐटीत पुढे केले.

"काऊन काढला?"

"छान दिसत होता म्हणून."

"छान तं कॅलेंडरवरबी दिसते. एवढा मोठा तलाव सोडून तो त्याच खुंटावर काऊन बसला, ते पाह्यलं का?"

गजूभाऊंनी ते पाहिलेलं नव्हतं. पुढचा सगळा वेळ ते त्या खुंटाकडे बघत बसले. तेव्हापासून आम्ही भाऊंना काऊनभाऊ म्हणू लागलो, अर्थात पाठीमागे. त्यांना ते माहीत होतं आणि आवडतही असावं.

मूल गावच्या बसस्टँडजवळ त्यांचा फोटो स्टुडिओ होता. लग्न, बारसं, पासपोर्ट साईज आणि भिंतीवरच्या तसबिरी. यातलं शेवटचं काम घेऊन मी त्यांच्याकडे पहिल्यांदा गेले. माझे बाबा वारले होते. तलावात जाळं टाकून मासे धरण्यात त्यांचा जन्म गेला, पण घरात त्यांचा एक फोटो नव्हता. तेरवीला काहीतरी हवं म्हणून मी त्यांचं मतदार ओळखपत्र घेऊन गेले. भाऊंनी त्यावरचा चेहरा मोठा केला, गळ्यापासून खाली दिसायला काही नव्हतं म्हणून रिवाजाप्रमाणे कोट आणि टाय चिकटवला, मागं निळं आभाळ घातलं आणि फ्रेम तयार केली. फ्रेम न्यायला आई माझ्यासोबत आली होती. तिनं ती हातात घेतली, जवळ नेली, लांब धरली आणि मला विचारलं, "हा कोन होय?"

जन्मभर उघड्या अंगानं पाण्यात उभा राहिलेला माणूस तिथं कोट घालून दचकल्यासारखा बघत होता. भाऊंचा चेहरा उतरला. "कोट काढून देतो, बाई," ते म्हणाले, पण कोटाखाली काही नव्हतंच. आई बाहेर गेल्यावर ते मला म्हणाले, "तुमच्या आईचा फोटो आत्ताच काढून ठेवा. माह्यासारख्याच्या हाती देऊ नका, तुम्हीच काढा. मी शिकवतो. रविवारी आम्ही पाच-सात जण बाहेर जातो, या." मी सिंदेवाहीच्या पोस्टात खिडकीमागे बसणारी बाई. कॅमेऱ्याचं पुढचं तोंड कुठलं नि मागचं कुठलं एवढंच कळायचं. तरी गेले, कारण तो 'हा कोन होय' माझ्या कानातून जात नव्हता.

भाऊंच्या कार्यशाळेला फी नव्हती, एक स्टीलचा डबा होता. जागेवर पोचलो की ते डब्याचं झाकण उघडून सगळ्यांपुढे फिरायचे आणि प्रत्येकानं आपल्या कॅमेऱ्याची बॅटरी त्यात टाकायची. मोबाईलवाल्यांनी मोबाईल. मग नुसतं हिंडायचं. ज्याला एखादा खरा प्रश्न पडेल त्यानं भाऊंकडे यायचं, प्रश्न सांगायचा आणि आपली बॅटरी घेऊन जायची. पाणकावळा पंख पसरून काऊन बसते? धानाच्या बांधीत बगळे बैलामागंच काऊन फिरतात? बरेचदा उत्तर भाऊंनाही ठाऊक नसायचं. मग तेही आमच्यासोबत उकिडवे बसून बघत राहायचे, आणि बॅटरी मागायला आलेला माणूस बॅटरी विसरायचा. प्रश्न उसना असला की मात्र त्यांना लगेच कळायचं. "हा तं मागच्या रविवारचा होय," म्हणत ते झाकण घट्ट लावायचे.

या डब्यानं एकदा आमचा घात केला. सिंदेवाहीच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला आम्ही नुकतेच उतरलो होतो. बॅटऱ्या डब्यात गेल्या, डबा भाऊंच्या पिशवीत गेला आणि समोरच्या झुडपातून वाघ रस्त्यावर आला. अगदी आरामात. मध्यावर थांबला, आमच्याकडे मान वळवून पाहिलं आणि पलीकडे उतरला. आम्ही सगळे गाडीला पाठ लावून उभे, गळ्यात रिकामे कॅमेरे. गजूभाऊंनी सवयीनं बटणसुद्धा दाबलं. वाघ गेल्यावर त्यांचा आवाज रडवेला झाला, "भाऊ, डबा फेका बापा तो आता!" भाऊही हळहळले होते, ते लपत नव्हतं. तरी पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी विचारलंच, "आता सांगा, कसा चालला तो? आधी कोनता पाय टाकला?" त्यावर गाडीत मूलपर्यंत भांडण झालं. तो वाघ मला आजही जसाच्या तसा दिसतो, आणि नंतर फोटोत पकडलेले वाघ मात्र आठवत नाहीत, हे मी गजूभाऊंना कधी सांगितलेलं नाही.

मोहफुलांच्या दिवसांत भाऊ आम्हाला धानोऱ्याकडे घेऊन गेले. सकाळी सकाळी बायका झाडाखाली वाकून फुलं वेचत होत्या. झाडाखालची जमीन पालापाचोळा जाळून काळी केलेली, तिच्यावर पिवळट फुलं उठून दिसत होती. आम्ही कॅमेरे वर केले तशी एका बाईनं पदर तोंडावर ओढला आणि पाठ फिरवली. भाऊ तिच्याजवळ जाऊन बसले, चार फुलं वेचली आणि आपला कॅमेरा तिच्यापुढे धरला. "आमचाच फोटो काढ ना बाई. हे सारे लय बेकार उभे आहेत."

"मले कुठी येते?" ती म्हणाली.

"मलेबी येत नोहोता. इथी दाबाचं."

तिनं एक डोळा मिटून कॅमेरा तोंडाशी धरला. आम्ही ओळीनं ताठ झालो, पोटं आत घेतली, केस सारखे केले. आमची ती तारांबळ बघून तिचा पदर कधी खांद्यावर गेला ते तिलाही कळलं नाही, खळाळून हसत होती ती. भाऊ परत येऊन म्हणाले, "ज्याले कॅमेऱ्याचा धाक वाटते, त्याच्याच हाती कॅमेरा द्याचा. मंग धाक आपल्याले वाटते."

इतकं शिकूनही घरात माझी डाळ शिजत नव्हती. आई कॅमेरा पाहिला की उठून जायची. मग मी पक्ष्याला गाठावं तशी तिला गाठू लागले, दाराआडून, परसातल्या तुरीमागून. माझ्याजवळ आईच्या पाठीचे, हातांचे, चुलीवरच्या धुराआडच्या अंबाड्याचे ढीगभर फोटो जमले, चेहऱ्याचा एक नाही. भाऊंनी ते सगळे पाहिले.

"तिले कॅमेरा नको आहे. काऊन नको?"

"म्हातारी माणसं घाबरतात, भाऊ."

"हे तुम्ही सांगून राह्यल्या. तिले विचारलं?"

विचारलं नव्हतं. त्याच दिवशी विचारलं. आई तांदूळ निवडत होती, मान वर न करता म्हणाली, "तुह्या बापाचं तोंड आठवाले गेली का तो कोटवालाच समोर येते. माहा मानूस कुठी गेला, सापडतच नाई. उद्या माहंबी तसंच कराल. तुले माहं तोंड आठवते ना? मंग राहू दे तसंच." मी कॅमेरा कपाटात ठेवून दिला. भाऊंना हे सांगितलं तेव्हा ते नुसती डब्याची कडी उघडझाप करत राहिले.

पुढे मोबाईलनं स्टुडिओचं काम खाल्लं. भाऊंचे गुडघेही कुरकुरू लागले, आणि मुलानं त्यांना पुण्याला न्यायचं ठरवलं. जायच्या आधीच्या रविवारी मी त्यांना घरी जेवायला बोलावलं. आईनं झिंग्याची भाजी केली होती. जेवण झाल्यावर भाऊ टोपी सारखी करून अंगणातल्या बाजेवर बसले आणि आपला जुना कॅमेरा आईसमोर धरून म्हणाले, "बाई, साऱ्या गावाचे फोटो मीनं काढले. माहा कोनी काढला नाई. तुम्हीच काढा."

आईनं हात लुगड्याला पुसले. कॅमेरा उलटा धरला, सुलटा केला, डोळा मिटला, तोच डोळा कॅमेऱ्याला लावला. "काहीच दिसत नाई बापा!" भाऊ दोन्ही हात वर करून ओरडले, "अवो, दुसरा डोळा!" तेवढ्यात तिच्या बोटानं बटण दाबलं गेलं, आणि ती कॅमेरा गालावरून खाली घसरवत अशी काही हसली, की मला बाबांच्या वेळची आई दिसली. माझा कॅमेरा पिशवीत होता. बॅटरी आत होती. मी एकच फोटो काढला.

भाऊंनी पडदा तळव्यानं झाकला. "काऊन काढला?"

"आई दिसली म्हणून," मी म्हणाले, आणि मला रडू आलं. त्यांनी फोटो न बघताच कॅमेरा परत दिला. जाताना स्टीलचा डबा आणि आपला जुना कॅमेराही माझ्याकडेच ठेवला.

यंदा दिवाळीनंतर त्यांच्या मुलाचा फोन आला. भाऊ गेले होते. "ताई, बाबांचा फोटो आहे का तुमच्याकडे? आमच्याकडे आधार कार्डावरचाच आहे." मी आईनं काढलेला फोटो शोधून पाठवला. वाकडा, टोपीचा शेंडा कापलेला, दोन्ही हात वर, तोंड उघडं. पाठवण्याआधी आईला दाखवला. तिनं मोबाईल जवळ नेला, लांब धरला. मी तिच्या तोंडाकडे बघत उभी.

"हा भाऊच होय," ती म्हणाली. पदरानं डोळे पुसले, आणि थोड्या वेळानं मोबाईल माझ्या हातात देत म्हणाली, "माहाबी त्या दिवसाचाच लावजो, हासतानाचा. कोट नको घालू."